आयर्लंड : घरी असलेल्या जोडीदाराचं 'होम केअरर' टॅक्स क्रेडिट, जे आम्ही चार वर्षं मागितलंच नाही

रानजाई
११ मे २०२५, रात्री १०:२०

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि दोघांपैकी एकजण मुलांसाठी घरी असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. आम्हाला ही गोष्ट कळायला चार वर्षं लागली. तुम्हाला लागू नयेत.

मागच्या मंगळवारी लेक झोपल्यावर मी आणि नवरा स्वयंपाकघरात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. काम एवढंच होतं की घरभाड्याचं क्रेडिट टाकायचं राहिलं होतं, ते टाकायचं. रेव्हेन्यूच्या (इथल्या कर खात्याच्या) मायअकाउंटमध्ये त्याचं टॅक्स क्रेडिट सर्टिफिकेट उघडलं. त्यावर दोन ओळी. पर्सनल (मॅरीड) ४,००० युरो, एम्प्लॉयी २,००० युरो. भाड्याचं टाकलं, तिसरी ओळ आली. लॅपटॉप बंद करणार तेवढ्यात 'यू अँड युअर फॅमिली' असं एक शीर्षक दिसलं. म्हटलं बघू तरी आत काय आहे. त्यात होम केअरर. घरी राहून मुलांचं, ६५ वर्षांवरच्या माणसाचं किंवा कायमचं अपंगत्व असलेल्या कुणाचं करणारी व्यक्ती.

ती व्यक्ती मीच ना! नवऱ्याने दोनदा वाचलं, मी तीनदा.

लेक मार्च २०२१ मध्ये झाली. तेव्हापासून मी घरीच आहे. पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, इथे आल्यावर करोना आणि मग बाळ. नोकरी केली नाही हा आमचा दोघांचा निर्णय, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढ्या वर्षांत हे क्रेडिट आहे असं एकानेही सांगितलं नाही. नवऱ्याच्या कंपनीत पगाराचं काम बघणाऱ्यांना सुरुवातीला विचारलं होतं, तर "सगळं आपोआप होतं" असं उत्तर मिळालं. हे आपोआप होत नाही. लग्न झालंय हे रेव्हेन्यूला माहीत होतं, मूल आहे हे सरकारला माहीत होतं (चाइल्ड बेनिफिट येतंच आहे), तरी मागितल्याशिवाय ही ओळ येत नाही.

थोडक्यात नियम असे. दोघांचं जॉइंट असेसमेंट (दोघांचा कर एकत्र मोजणं) हवं, म्हणजे लग्न झालेलं किंवा सिव्हिल पार्टनरशिप असलेलं जोडपं. ज्याची काळजी घ्यायची तो माणूस नवरा किंवा बायको असून चालत नाही. घरी असणाऱ्याचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न ७,२०० युरोंपर्यंत असेल तर पूर्ण क्रेडिट. मुलं एक असो की चार, क्रेडिट एकच. २०२५ साठी रक्कम १,९५० युरो.

आणि हे भारतातल्या ८०सीसारखं उत्पन्नातून वजा होत नाही. आधी कर काढतात आणि त्या करातूनच १,९५० थेट कमी होतात. महिन्याला १६२ युरो ५० सेंट. आमच्या घरात एवढ्यात लेकीचे बूट, तिची पोहण्याची शिकवणी आणि वर बरंच काही बसतं.

मला मनापासून लागलेली गोष्ट वेगळीच आहे. हे क्रेडिट मी घरी आहे म्हणून मिळतं, पण ते दिसतं नवऱ्याच्या पेस्लिपवर. दिवसभर मी जे करते त्याची अख्ख्या करव्यवस्थेत एकच ओळ आहे आणि ती त्याच्या कागदावर. म्हणून घरी असणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे काम नवऱ्यावर सोडू नका. तुमचा स्वतःचा पीपीएस नंबर (कर आणि सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक) आहे, त्यावर स्वतःचं मायअकाउंट उघडा आणि हे कागद स्वतः वाचा. मी वाचले असते तर चार वर्षं गेली नसती.

मागच्या वर्षांचं मिळतं का? कुणी केलं असेल तर कृपया लिहा.


हिशेबी
११ मे, रात्री ११:०५

रानजाई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मागचं मिळतं. चार वर्षांची मुदत असते. म्हणजे २०२१ चा दावा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत करता येईल, त्यानंतर ते वर्ष कायमचं गेलं. त्यामुळे तुम्ही अगदी वेळेत आहात.

वर्षवार रकमा : २०२१ आणि २०२२ ला १,६०० प्रत्येकी, २०२३ ला १,७००, २०२४ ला १,८००. तुमचं उत्पन्न चारही वर्षं शून्य होतं आणि नवऱ्याचा कापला गेलेला कर तेवढा होता असं धरलं, तर ६,७०० युरो.

मार्ग दोन आहेत. चालू वर्षासाठी 'मॅनेज युअर टॅक्स'मध्ये जाऊन क्रेडिट जोडायचं, ते पुढच्या पगारांपासून दिसतं. मागच्या वर्षांसाठी 'रिव्ह्यू युअर टॅक्स'मध्ये प्रत्येक वर्षाचं रिटर्न वेगळं भरायचं. चार वर्षं म्हणजे चार रिटर्न. एकात भरलं की बाकीची आपोआप होतील असं समजू नका. रिटर्न भरताना वैद्यकीय खर्चाचीही आठवण ठेवा, त्यावर २० टक्के परत मिळतात. पावत्या सहा वर्षं जपून ठेवा.

एक खुलासा : हे क्रेडिट कर शून्यापर्यंतच नेतं. कर ९०० बसला असेल तर ९००च वाचतील, उरलेले हातात मिळत नाहीत.


नवा_डब्लिनकर
१२ मे, सकाळी ७:४०

नमस्कार. जानेवारीत आलो, बायको आणि दोन वर्षांचा मुलगा बरोबरच आले. क्रिटिकल स्किल्स परमिट (कमतरता असलेल्या कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना) आहे. हा धागा वाचून रेल्वेत बसल्या बसल्या सर्टिफिकेट उघडलं. माझ्याकडे पर्सनल २,००० लिहिलंय. ४,००० नाही. म्हणजे काय समजायचं?


हिशेबी
१२ मे, सकाळी ८:१५

म्हणजे रेव्हेन्यूच्या लेखी तुम्ही अविवाहित आहात. आजच दुरुस्त करा. आधी बायकोचा पीपीएस नंबर हवा, नसेल तर तो काढायला लावा. मग मायअकाउंटमध्ये वैवाहिक स्थिती बदलून जॉइंट असेसमेंट घ्या. काही अडलं तर तिथेच मायएन्क्वायरीजमधून लिहा, लग्नाचं सर्टिफिकेट जोडा.

किती फरक पडतो बघा. अविवाहिताला ४४,००० युरोंपर्यंत २० टक्के आणि वर ४० टक्के. एकाच पगाराच्या विवाहित जोडप्याला हीच मर्यादा ५३,०००. म्हणजे ९,००० युरोंवर ४० ऐवजी २० टक्के, वाचले १,८००. पर्सनल क्रेडिटचे वाढीव २,०००. होम केअररचे १,९५०. मिळून ५,७५० युरो वर्षाला. पगार ५३,००० च्या वर आहे असं धरून सांगतोय. शिवाय भाड्याच्या घरात असाल तर जॉइंट असेसमेंटमध्ये भाड्याचं क्रेडिट १,००० वरून २,००० पर्यंत जातं.


नवा_डब्लिनकर
१२ मे, सकाळी ८:२०

पगार ६४,००० आहे. पाच महिने गेले. धन्यवाद, आज रात्रीच बसतो.


रानजाई
१२ मे, सकाळी १०:३०

नवा_डब्लिनकर, एक विनंती. बसाल तेव्हा वहिनींना शेजारी बसवा.


अबोली_५
१२ मे, दुपारी २:००

मला क्रेडिट मिळतंय, हे आम्हाला शेजारच्या आयरिश बाईंनी सांगितलं होतं. माझा प्रश्न पुढचा आहे. मुलगा आता ईसीसीईला (सरकारी खर्चाच्या बालवाडीला) जातो, रोज तीन तास मोफत. त्या वेळात जवळच्या दुकानात काम मिळतंय. काम घेतलं की क्रेडिट जाणार का? नवऱ्याला वाटतं की "तू कमावशील ते सगळं करात जाईल." त्याचा हेतू वाईट नाही, पण मला घराबाहेर पडायचंय.


हिशेबी
१२ मे, रात्री ९:५०

अबोली, याला नीट वेळ देऊन लिहितोय, कारण इथे बरेचजण चुकीच्या भीतीने मागे हटतात.

पहिलं : ७,२०० पर्यंत क्रेडिटला धक्का नाही. २०२५ चं किमान वेतन तासाला १३.५०. आठवड्याला १० तास, वर्षभर, म्हणजे ७,०२०. बिनघोर करा. दोघांची मिळून कमाई ५३,००० च्या आत असेल तर तुमच्या कमाईवरचा २० टक्के कर तुमच्या स्वतःच्या एम्प्लॉयी क्रेडिटमध्ये फिटतो.

दुसरं : ७,२०० च्या वर गेलात की वरच्या रकमेच्या निम्मं क्रेडिट कमी होतं. ९,००० कमावलेत तर वरचे १,८००, त्याचे निम्मे ९००, क्रेडिट उरलं १,०५०. ११,१०० ला ते संपतं.

तिसरं, आणि हेच कुणी सांगत नाही : दोघं कमावते असाल तर ५३,००० ची मर्यादा तुमच्या कमाईइतकी वाढते (जास्तीत जास्त ३५,००० ने). पण ही वाढ आणि होम केअरर क्रेडिट दोन्ही एकदम मिळत नाहीत. जे फायद्याचं ते घ्यायचं. तुम्ही ९,००० कमावलेत असं धरून :

नवऱ्याचा पगार ६०,००० असेल तर होम केअरर घेऊन दोघांचा मिळून प्राप्तिकर ८,१५०. वाढीव मर्यादा घेऊन ७,४००. क्रेडिट सोडलेलं बरं, ७५० वाचतात.

पगार ४२,००० असेल तर दोघांचे मिळून ५१,०००, सगळं २० टक्क्यांतच. तिथे वाढीव मर्यादेचा उपयोग शून्य, क्रेडिटच घ्या, १,०५० वाचतात.

नवरा आधीच ५३,००० च्या वर असेल तर साधारण ७,९३० युरो कमाईला पारडं फिरतं. त्याच्या खाली क्रेडिट, वर वाढीव मर्यादा. यूएससी (उत्पन्नावरचा आणखी एक कर) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याचा हप्ता) यात धरलेले नाहीत, ते ज्याचे त्याला वेगळे लागतात.

"सगळं करात जाईल" हे मात्र कुठल्याच आकड्यात खरं नाही.

अजून एक : कमाई वाढून एखाद्या वर्षी क्रेडिट जात असेल, पण आदल्या वर्षी मिळालेलं असेल, तर त्या एका वर्षापुरतं आदल्या वर्षीइतकं क्रेडिट मागता येतं. बाकीच्या अटी पुऱ्या हव्यात, आणि तेव्हाही वाढीव मर्यादा की क्रेडिट हे बघायचं असतंच.


अबोली_५
१२ मे, रात्री १०:१०

प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय. धन्यवाद दादा.


कोरा_कागद
१३ मे, दुपारी १:१५

वेगळं मत मांडते, राग मानू नका. आम्ही दोघंही नोकरी करतो. दोन्ही मुलं क्रेशमध्ये. सकाळी साडेसहाला उठवून, अर्धवट झोपेत कपडे चढवून गाडीत घालतो. घरी असणाऱ्याला सवलत देणं म्हणजे सरकारने बाईला घरी राहायला प्रोत्साहन देणं असं मला वाटतं. तोच पैसा क्रेशची फी कमी करायला वापरला तर किती बायका कामावर परत येतील? मी पाच महिन्यांच्या बाळाला ठेवून परत गेले, कारण दोन वर्षं बाहेर राहिलं की आपल्या क्षेत्रात कुणी ओळखत नाही. रानजाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण १,९५० युरोंनी तुमची आठ वर्षांची टेस्टिंगची ओळख परत येणार नाही.


रानजाई
१३ मे, रात्री १०:००

कोरा_कागद, राग कसला. शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं आहे.

पण प्रोत्साहन म्हणाल तर आकडे उलट आहेत. एका घरात एकाचा ८०,००० पगार, दुसरा घरी. प्राप्तिकर : ५३,००० वर २० टक्के म्हणजे १०,६००, उरलेल्या २७,००० वर ४० टक्के म्हणजे १०,८००. क्रेडिट वजा ४,०००, २,००० आणि १,९५०. भरायचे १३,४५०. शेजारच्या घरात दोघांचे ४०-४० हजार. सगळ्यावर २० टक्के म्हणजे १६,०००, क्रेडिट वजा ८,०००, भरायचे ८,०००. घरात येणारी रक्कम तीच, करात ५,४५० चा फरक, आणि तोही होम केअरर क्रेडिट धरून.

तुमच्या क्रेशची फी यात नाही हे मान्य. ती धरली तर तुमच्या हातात आमच्यापेक्षा कमी उरत असेल, हेही मान्य. म्हणून तुमचं कमी करून आम्हाला द्या असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की दिवसभर मूल कुणीतरी सांभाळतंच. क्रेशमधल्या बाईचं ते काम मोजलं जातं, तिला पगार मिळतो, मिळायलाच हवा. तेच मी केलं की त्याला 'उत्पन्न शून्य' म्हणतात.


जुनीजाणती
१४ मे, सकाळी ११:२५

मी १९९८ पासून इथे आहे, त्यामुळे हे क्रेडिट जन्माला आलेलं पाहिलंय.

त्याच्या आधीची गोष्ट १९८० ची. तेव्हा लग्न केलं की बायकोची कमाई नवऱ्याच्या कमाईत मिळवून कर बसायचा, आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांपेक्षा तो जास्त व्हायचा. मर्फी नावाचं शिक्षक दांपत्य कोर्टात गेलं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेने कुटुंबसंस्थेचं रक्षण करायचं वचन दिलंय, मग लग्न केल्याबद्दल जास्त कर कसा लावता. त्यानंतर विवाहितांना दुप्पट सूट आणि दुप्पट मर्यादा मिळाली, एकजण घरी असला तरी.

मग डिसेंबर १९९९ मध्ये अर्थमंत्री चार्ली मॅक्रीवी यांनी बजेटमध्ये ठरवलं की कमी कराची मर्यादा ज्याची त्याला, घरी असणाऱ्याची जोडीदाराला नाही. त्यांचा विचार कोरा_कागद यांच्यासारखाच होता, बायका नोकरीत याव्यात, त्या वेळी माणसं कमी पडत होती. घरी असणाऱ्या बायका खवळल्या. मला आठवतं, माझी मोठी तेव्हा चार महिन्यांची. तिला मांडीवर घेऊन मी रेडिओ ऐकायचे आणि दिवसचे दिवस तोच विषय. फोन करणाऱ्या बाया रडत होत्या, चिडत होत्या. थोड्याच दिवसांत सरकारने ३,००० पौंडांची होम केअरर सूट जाहीर केली. पुढे तिचं क्रेडिट झालं, बरीच वर्षं ७७० युरो होतं. २०१६ ला १,०००, २०१९ ला १,५००, असं चढत आता १,९५०.

तर हे कुणी मनाने दिलेलं नाही. घरात बसलेल्या बायांनी फोन फिरवून मिळवलेलं आहे, आणि म्हणून ते न मागता सोडून देऊ नका.


बाबा_घरी
१४ मे, दुपारी ४:३०

जुनीजाणती ताई, सुंदर लिहिलंत. एक जोडतो. क्रेडिटचं नाव 'केअरर' आहे, 'आई' नाही. आमच्याकडे बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मी दोन मुलांसह घरी. क्रेडिट तिच्या पगारात येतं, अडचण काहीच आली नाही.

घटनेत मात्र अजून घरातल्या कर्तव्यांसंदर्भात 'माता' असाच शब्द आहे. ८ मार्च २०२४ ला तो बदलण्यासाठी सार्वमत झालं आणि जवळजवळ ७४ टक्क्यांनी 'नको' म्हटलं. विरोध करणाऱ्या अनेकांचं म्हणणं होतं की नवा मजकूर काळजी घेणाऱ्यांना ठोस काहीच देत नाही. आम्हाला नागरिकत्व नाही म्हणून मत नव्हतं. शाळेच्या फाटकाशी उभा असतो तेव्हा आजही दुसऱ्या आया विचारतात, "आज सुट्टी का?" नाही हो, सुट्टी नाही, हेच काम आहे माझं.


स्टॅम्प_तीन
१४ मे, रात्री ११:४५

इथे सगळे 'निर्णय' म्हणतायत म्हणून लिहिते. माझा निर्णय नव्हता.

नवरा शेफ आहे, जनरल परमिट (बाकीच्या कामांचा परवाना). मी २०२१ ला आले, स्टॅम्प ३ वर (त्यावर नोकरी करता येत नाही). क्रिटिकल स्किल्सवाल्यांच्या जोडीदारांना २०१९ पासून कामाची मोकळीक होती, आमच्या गटाला नव्हती. एम.कॉम. आहे मी. तीन वर्षं सकाळी मुलीला सोडायचं, घरी यायचं आणि खिडकीतून बस बघत बसायचं. मे २०२४ मध्ये नियम बदलला, आम्हालाही स्टॅम्प १जी (नोकरीची मुभा असलेला) मिळायला लागला. कार्ड हातात आलं त्या दिवशी मी खूप रडले.

आज मी एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. ती तीन वर्षं मला घरी बसवलं खुद्द नियमाने, आणि त्या वर्षांचं होम केअरर आम्ही मागितलेलं नाही, कारण माहीत नव्हतं. शेफच्या पगारात ते पैसे म्हणजे काय असतात हे मलाच माहीत. हिशेबी दादा, आता मी कमावतेय तरी मागच्या वर्षांचं मागता येईल ना?


हिशेबी
१५ मे, सकाळी ७:००

नक्की येईल. प्रत्येक वर्ष स्वतंत्र बघतात. २०२१, २०२२, २०२३ ला तुमचं उत्पन्न नव्हतं, मुलगी होती, तुम्ही जॉइंट असेसमेंटमध्ये होतात, तर त्या वर्षांचा हक्क आहेच. २०२४ ला कमाई किती झाली ते बघा, १०,८०० च्या आत असेल तर अंशतः मिळेल. २०२१ आधी भरा.


एकटीचं_घर
१५ मे, दुपारी १२:१०

शांतपणे वाचत होते. मी घटस्फोटित आहे, मुलगा माझ्याकडे. मला सिंगल पर्सन चाइल्ड केअरर क्रेडिट मिळतं, २०२५ ला १,९००, आणि २० टक्क्यांची मर्यादा ४८,०००. कुणाला गरज असेल म्हणून नोंदवून ठेवते, कारण आपल्या लोकांत हा विषय निघतच नाही आणि बायका एकट्या पडल्यावर आधी पैशाच्याच अंधारात असतात. रानजाईचं 'स्वतःचं अकाउंट उघडा' हे वाक्य सोन्यासारखं आहे. माझं नव्हतं. सहा महिने धडपडले.


पुणेरी_वाचक
१५ मे, रात्री ८:४०

भारतातून वाचतोय. आपल्याकडे जोडप्याला एकत्र रिटर्न भरायची सोयच नाही. उलट नवऱ्याने बायकोला पैसे भेट दिले आणि तिने ते गुंतवले, तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. यावर वेगळा धागा निघावा.


काळजीवाहू
१६ मे, सकाळी ९:३०

सासू-सासरे दोघं सत्तरीचे, उन्हाळ्यात तीन महिने येतात. त्यांच्यावर हे क्रेडिट घेता येईल का? मुलं मोठी झालीत, चाइल्ड बेनिफिट बंद झालंय.


हिशेबी
१६ मे, सकाळी १०:००

नाही. पाहुणे म्हणून आलेल्यांवर नाही. तो माणूस तुमच्याबरोबर राहणारा हवा. नातेवाईक असेल तर त्याच आवारात किंवा २ किलोमीटरच्या आत राहत असला तरी चालतो, पण इथेच राहणारा.


जुनीजाणती
१७ मे, संध्याकाळी ६:१५

पोरींनो, करापेक्षा मोठी गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे पेन्शन.

इथे ६६ व्या वर्षी सरकारी कॉन्ट्रिब्यूटरी पेन्शन मिळते, २०२५ मध्ये पूर्ण दर आठवड्याला २८९ युरो ३० सेंट होता. पूर्ण मिळायला ४० वर्षांचे म्हणजे २,०८० आठवड्यांचे हप्ते लागतात, आणि मुळात पात्र व्हायला निदान ५२० आठवडे स्वतः काम करून भरलेले हवेत. पण १२ वर्षांखालच्या मुलासाठी घरी काढलेली वर्षंही धरता येतात. होमकेअरिंग पिरियड्स म्हणतात त्याला. जास्तीत जास्त २० वर्षं, म्हणजे १,०४० आठवडे.

मी १९९९ ते २०१० घरी होते. अकरा वर्षं, ५७२ आठवडे. पूर्ण पेन्शनचा साडेसत्तावीस टक्के भाग. २०२५ च्या दराने आठवड्याला ७९ युरोंच्या वर. ते पैसे माझ्या नावावर, माझ्या खात्यात, मी मरेपर्यंत येणार. मागच्या वर्षी माझा रेकॉर्ड मागवला. कागदावर त्या अकरा वर्षांपुढे कोरं असेल असं धरून मी पाकीट उघडलं. कोरं नव्हतं. मुलींचे डबे भरले, तापात रात्री जागवल्या, ती वर्षं तिथे आठवड्यांच्या हिशेबात लिहिलेली होती. मी ह्यांना हाक मारली आणि कागद नुसता पुढे धरला. बोलवेना.

रानजाई, लेकीमागे तू सहा वर्षं घरी राहिलीस तर ३१२ आठवडे होतात, पेन्शनचा १५ टक्के भाग. पण ते ५२० भरलेले आठवडे असल्याशिवाय उपयोग नाही. म्हणून लेक शाळेला गेली की काहीतरी काम धर, छोटं असलं तरी चालेल. आणि पीआरएसआय तुझ्या नावावर भरला जातोय ना ते बघ. तुझी कमाई आठवड्याला ३८ युरोंच्या आत राहिली तर पेन्शनसाठी धरला जाणारा वर्गच लागत नाही.


बाबा_घरी
१७ मे, रात्री ९:००

हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे चाइल्ड बेनिफिट बायकोच्या नावावर आहे. माझी वर्षं कशी धरतील?


जुनीजाणती
१७ मे, रात्री ९:४०

होमकेअरिंगचा वेगळा अर्ज असतो, सोशल प्रोटेक्शन खात्याकडे. तो तुम्ही तुमच्या नावाने भरा. आज नाही भरला तरी शाळेची, डॉक्टरांची पत्रं जपून ठेवा, घरी कोण होतं ते त्यातून दिसतं.


कोरा_कागद
१८ मे, सकाळी ७:१०

जुनीजाणती ताईंचं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. माझं मत बदललेलं नाही, क्रेशचे पैसे कमी व्हायलाच हवेत. पण माझी आई आयुष्यभर घरी होती. तिच्यासाठी असा कागद कधी आला नाही, येणारही नाही. रानजाई, परत कामाला लागायचं ठरवाल तेव्हा मला विपू (विचारपूस, म्हणजे इथे निरोप) करा. आमच्याकडे टेस्टिंगच्या जागा निघतात आणि मध्ये काही वर्षं खंड पडलेल्यांना मी स्वतः मुलाखतीला बोलावते.


रानजाई
१८ मे, सकाळी १०:५०

कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नक्की करते विपू. लेक सप्टेंबर २०२५ मध्ये ज्युनिअर इन्फंट्सला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) जाईल, तेव्हा.


नवा_डब्लिनकर
३० मे, रात्री ८:००

अपडेट. स्थिती बदलली, नवीन सर्टिफिकेट आलं, या महिन्याच्या पगारात जानेवारीपासूनचा जास्त कापलेला कर परत आला. बायको शेजारी बसली होती. फॉर्म तिनेच भरला, मी फक्त पासवर्ड सांगितला. आता तिचंही मायअकाउंट आहे.


स्टॅम्प_तीन
४ जून, रात्री १०:१५

२०२१, २२, २३ तिन्ही भरले. २०२१ चे आले. बाकी येतील. नवऱ्याने त्या रात्री घरी जेवण बनवलं, एरवी शेफच्या घरी तो बनवत नाही. हिशेबी दादा, कुठे असाल तिथे सुखी राहा.


रानजाई
१२ जून, रात्री ११:००

आमचेही झाले. चार रिटर्न, चार रात्री, रोज लेक झोपल्यावर एक. २०२२ च्या वेळी वैद्यकीय पावत्या शोधायला जुन्या बॅगा उपसल्या. त्यात लेकीच्या पहिल्या लसीचं कार्ड सापडलं आणि ती रात्र तिथेच संपली, रिटर्न दुसऱ्या दिवशी.

६,७०० क्रेडिटचे, वर दवाखान्याचे थोडे. सगळे नवऱ्याच्या खात्यात आले, कारण खातं त्याचं जोडलेलं होतं. आज संध्याकाळी भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. बँकेचा मेसेज. माझ्या खात्यात ६,७०० जमा. त्याने बोलायच्या आधीच वळते केले होते. निम्मेसुद्धा ठेवले नाहीत. संदर्भाच्या रकान्यात त्याने टाइप केलं होतं : '२०२१ ते २०२४'.

माझ्या त्या खात्यात आजवर महिन्याचे १४० युरो चाइल्ड बेनिफिटचे यायचे, दुसरं काही नाही.